चाळणीतली मेल

आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी धुवायची असली की सेक्रेटरी सगळ्यांना मेल पाठवतात. त्यावर बिऱ्हाडागणिक उत्तर येतं आणि प्रत्येक उत्तर पुन्हा सगळ्यांना जातं. 'ओके.' 'नोटेड.' 'धन्यवाद साहेब.' मग तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी 'मागच्या वेळी गच्चीचं कुलूप कोणी तोडलं?' असं विचारतं आणि तिथून पुढे महाभारत. हे सगळं परस्पर एका बाजूच्या फोल्डरमध्ये जावं, एवढीच माझी इच्छा. त्यासाठी मेलच्या वेबसाइटवर बटण असतं हे मला ठाऊक आहे, कृपया कळवू नये. उमेदीची वर्षं युनिक्स नावाच्या जुन्या संगणक प्रणालीवर काढलेल्या माणसाला बटण दाबून समाधान मिळत नाही. त्याला फेचमेल लागतो आणि प्रॉकमेल लागतो.

फेचमेल सर्व्हरवरून टपाल उचलून आणतो, प्रॉकमेल ते चाळून ज्याच्या त्याच्या खणात टाकतो. प्रॉकमेल 1990 सालचा. 2001 नंतर दोन दशकं त्याची नवी आवृत्तीच निघाली नाही. काही लोक याला हेळसांड म्हणतात. मी म्हणतो, काम झालं होतं.

अडचण अशी की घरात विंडोज आहे. बायको लोकांचे हिशेब बघते. तिचं टॅली विंडोजवर चालतं आणि आमचं घर टॅलीवर. तेव्हा मधला मार्ग म्हणजे सिगविन, विंडोजच्या आतच युनिक्सची अवजारं चालवून देणारा. तो बसायला त्रास नाही. त्रास पुढे आहे, कारण विंडोज आणि युनिक्स म्हणजे एका मांडवातल्या दोन विहिणी. दोघींची रीत वेगळी आणि प्रत्येकीला दुसरीची रीत म्हणजे अडाणीपणा वाटतो.

साधी ओळ संपवायची रीत घ्या. युनिक्स त्यासाठी एक खूण टाकतं. विंडोज दोन टाकतं, टेलिप्रिंटरचा गाडा आधी डावीकडे सरकवायचा आणि मग कागद वर, त्या काळातल्या. गाडा गेला, कागद गेला, खुणा राहिल्या. कोणती मेल कुठल्या खणात, हे सांगणारे नियम नोटपॅडमध्ये लिहून प्रॉकमेलला दिले की ती जादा अदृश्य खूण तो अटीचाच भाग समजतो. अट कधीच जुळत नाही आणि चूक कुठे आहे हेही तो सांगत नाही. शिवाय या नियमांच्या फाइलीचं नाव टिंबाने सुरू व्हावं लागतं. नोटपॅड शेवटी आपलं 'डॉट टीएक्सटी' चिकटवतो आणि एक्स्प्लोरर ते लपवतो. फेचमेलची आणखी वेगळी अट: पासवर्ड असलेली फाइल मालकाखेरीज कोणाला वाचता येत असेल तर तो कामालाच लागत नाही. विंडोजने तर ती फाइल मोकळ्या मनाने अॅडमिनिस्ट्रेटर मंडळींनाही खुली ठेवलेली.

हे सगळं निस्तरलं. टपाल येऊ लागलं, इंग्रजी मेली मुकाट आपापल्या खणात पडू लागल्या. सोसायटीच्या मात्र जागच्या जागी, कारण आमचे सेक्रेटरी विषय मराठीत लिहितात. मी नियमात 'पाणी' लिहिलं होतं. पण ईमेलचं शीर्षक घडलं ते इंग्रजी अक्षरांपुरतं. देवनागरी त्यातून पाठवायची तर बहुधा बेस-चौसष्ट नावाच्या सांकेतिक वेषात. स्क्रीनवर आपल्याला 'पाणी' दिसतं, प्रॉकमेलला दिसतो तो 'चार-के-एस-क्यू'ने सुरू होणारा गचपा. यातला 'चार-के-एस-क्यू' म्हणजे एकटा 'प'.

आता मला खरी मजा यायला लागली. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, संगणकात तीन बाइटचं असतं आणि बेस-चौसष्ट तीन बाइटची चार चिन्हं करतं. म्हणजे हिशेब चोख, प्रत्येक अक्षराला चार चिन्हं. मी 'पाणी'ची सोळा चिन्हं कागदावर काढून नियमात घातली आणि पुढचीच नोटीस अलगद खणात पडली. त्यानंतरची पडली नाही. तिचा विषय होता 'गुरुवारी पाणी बंद'. 'गुरुवारी'नंतरची एकुलती एक स्पेस फक्त एका बाइटची, त्यामुळे तिच्यापुढची सगळी अक्षरं एकेक घर सरकतात आणि 'पाणी'चा चेहराच बदलतो. दोन स्पेस गेल्या की तिसरा चेहरा. म्हणून आता माझ्याकडे एकाच पाण्यासाठी तीन नियम आहेत. प्रेषकाचा पत्ता बघणारा एक नियम पुरला असता, पण त्यात पाण्याची काय गंमत?

राहिलं होतं ते हे सगळं आपोआप दर पाच मिनिटांनी चालवणं. ते मी विंडोजच्या टास्क शेड्यूलरवर सोपवलं.

"अहो, ही काळी खिडकी कसली येते मधेच? रिटर्न भरतेय मी. टाइप केलेले आकडे तिच्यातच गेले माझे."

"पाव सेकंद तर येते, अगं."

"त्या पाव सेकंदात कोणाची तरी पंधरा लाखांची विक्री गेली."

वाटाघाटी फार लांबल्या नाहीत. जीएसटीचं मासिक रिटर्न वीस तारखेपर्यंत भरायचं असतं, तोवर फेचमेल बंद. एकवीस तारखेला मी तो सुरू करतो आणि महिनाभराच्या नोटिसा तिन्ही नियमांतून गाळून एका खणात नीट रचल्या जातात. टाकी कधी धुणार, ते तोवर लिफ्टपाशी लावलेल्या कागदावर वाचतो.