‘कर्नाटकापेक्षा इस्रायल बरं’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

काळ्या दिनाच्या (१ नोव्हेंबर, सीमाभागातली मराठी माणसं निषेध पाळतात तो दिवस) आदल्या रात्री गल्लीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला आणि सकाळपर्यंत आणखी सहा ठिकाणांहून येऊन धडकला. मजकूर थोडक्यात असा: ‘बेळगाव, खानापूर, निपाणी हा लष्करी ताब्यातला प्रदेश आहे. इस्रायलसुद्धा ताब्यातल्या पॅलेस्टिनींना परवाने देऊन आपल्या दवाखान्यांत फुकट उपचार करतं. खरं तर ओस्लो करारानंतर (इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधला १९९३ चा करार) ती त्याची जबाबदारीही नाही. गाझातले दवाखाने पडले ते अतिरेक्यांमुळे, कायद्यानं. आणि कर्नाटक? आपल्याच देशातल्या मराठी माणसाची आरोग्य योजना बंद पाडतं. कर्नाटकापेक्षा इस्रायल बरं.’

मी बेळगावच्या शहापुरात औषधाचं दुकान चालवतो. घर महाराष्ट्र एकीकरण समितीचं, वडील सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. त्यामुळे मला कर्नाटकधार्जिणा म्हणायची घाई करू नका. या फॉरवर्डात एक गोष्ट खरी आहे, ती शेवटी घेतो.

आधी ‘लष्करी ताबा’. कायद्यात या शब्दाला नेमका अर्थ आहे. १९०७ च्या हेग नियमावलीप्रमाणे शत्रूच्या सैन्याचा अंमल जिथं प्रत्यक्ष चालतो तो प्रदेश व्याप्त. बेळगावात सैन्य आहे, नाही असं नाही. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, आणि आमच्या गल्लीतली पोरं पहाटे उठून पळायचा सराव करतात ती तिथं भरती व्हायला. १९५६ ला आम्हाला न विचारता म्हैसूर राज्यात घातलं हा अन्यायच. त्याचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. पण दावा लावता येतो, मत देता येतं, आणि पोटात दुखलं तर मिरजेला नाहीतर कोल्हापूरला कुणाला न विचारता जाता येतं. ‘कर्नाटकव्याप्त’ असं मोर्चात मीही ओरडलोय. घोषणेत शब्द ताणला जातो, चालायचंच. त्या ताणलेल्या शब्दावर गाझाचा हिशेब मांडायला बसलं की मात्र गडबड होते.

आता परवाने. यावर जरा थांबतो, कारण ‘परवाना मिळतो’ हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत.

माझी मावशी सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडची. तिचे केमो बेळगावात चालले होते. शिनोळीवरून तासाभरात यायची, संध्याकाळी परत. २०२१ मध्ये एकदा नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद नाही म्हणून गाडी अडवली. फाइल दाखवली, टक्कल दाखवलं, दोन तासांनी सोडलं. त्या दोन तासांचा राग घरात अजून निघतो. (२०२० मध्ये केरळच्या सीमेवर तलपाडीचा रस्ता कर्नाटकानं बंद केला, तेव्हा कासरगोडच्या रुग्णांचं याहून वाईट झालं आणि प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं. म्हणजे नाका रुग्णाचं काय करतो हे आपल्याला अगदीच ठाऊक नाही असं नाही.)

आता मावशीच्या जागी गाझातली बाई धरा, तीही २०२३ ला सुरू झालेल्या युद्धाच्या आधीची. गाझात रेडिएशनची सोयच नव्हती. आमचे पेशंट ज्याला ‘लाइट घेणं’ म्हणतात, ते घ्यायला पूर्व जेरुसलेमच्या ऑगस्टा व्हिक्टोरिया रुग्णालयात जावं लागे. आधी डॉक्टरची चिठ्ठी, मग बिल भरण्याची पॅलेस्टिनी आरोग्य मंत्रालयाची हमी, मग इस्रायलकडे अर्ज, कधी सुरक्षा यंत्रणेची चौकशी, मग गाझातून इस्रायलमध्ये शिरायचा एरेझचा नाका. सोबतच्या माणसाचा अर्ज वेगळा. त्याला नकार आला तर लहान पोराबरोबर आईऐवजी म्हातारी आजी जाणार. जागतिक आरोग्य संघटना या अर्जांची नोंद ठेवते. २०१२ मध्ये दहातले नऊ अर्ज वेळेत मंजूर होत होते. २०१७ मध्ये हे प्रमाण ५४ टक्क्यांवर आलं. त्याच वर्षी परवाना नाकारल्यावर किंवा लांबल्यावर मेलेल्या रुग्णांची नोंद आहे तीही ५४, आणि त्यांतले ४६ कॅन्सरचे. केमोची तारीख चुकली की काय होतं ते काउंटरच्या अलीकडे उभं राहून मी पाहिलंय. तिथं तारीख देतो डॉक्टर, आणि ती पाळायची की नाही ते ठरवतो सैन्याच्या कचेरीतला माणूस.

वेस्ट बँकेतून, म्हणजे पॅलेस्टिनींच्या दुसऱ्या व्याप्त भागातून, जेरुसलेमला जायचं तरी बहुतेक वेळा पॅलेस्टिनी ॲम्ब्युलन्स नाक्यापलीकडे जात नाही. दोन गाड्या पाठीला पाठ लावतात आणि रुग्ण एका स्ट्रेचरवरून दुसऱ्यावर.

आणि फुकट? इस्रायली दवाखान्यात पाठवलेल्या रुग्णांचं बिल पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या, म्हणजे ओस्लोनंतर आलेल्या पॅलेस्टिनी प्रशासनाच्या, नावावर पडतं. प्राधिकरणाचा जो कर इस्रायल गोळा करतं, त्यातूनच ते कापूनही घेतं. प्राधिकरणही धुतल्या तांदळाचं नाही. कराच्या भांडणात त्यांनी २०१९ मध्ये इस्रायली दवाखान्यांत रुग्ण पाठवणं थांबवलं, २०२० मध्ये काही महिने समन्वयच तोडला. त्यातही भरडले गेले रुग्णच.

‘ओस्लोनंतर जबाबदारी नाही’ हा मुद्दा वकिली थाटाचा आहे, म्हणून तो लोकांना पटतो. आरोग्य खातं १९९४ मध्ये प्राधिकरणाकडे गेलं हे खरं. पण १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं ५६ वं कलम सांगतं की व्याप्त प्रदेशातले दवाखाने, सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता स्थानिक अधिकाऱ्यांच्या सहकार्यानं चालू ठेवणं हे ताबा घेणाऱ्याचं कर्तव्य आहे. ५५ वं कलम अन्न आणि औषधांच्या पुरवठ्याचं. आणि ४७ वं कलम तर जणू अशाच युक्तिवादासाठी लिहिलंय: स्थानिक अधिकाऱ्यांशी कसलाही करार केला तरी तिथल्या लोकांचं हे संरक्षण काढून घेता येत नाही. नोकराला किल्ली दिली म्हणून घरमालक सुटत नाही. हा जिनिव्हा करार तिथं लागूच होत नाही असं इस्रायल म्हणत आलं, पण आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २००४ मध्ये तो लागू होतो असं मत दिलं.

इस्रायलच्या स्वतःच्या न्यायालयाचं उदाहरण मला जास्त आवडतं. १९९१ च्या आखाती युद्धात इराकी क्षेपणास्त्रांच्या भीतीनं गॅस मास्क वाटले गेले, आणि वेस्ट बँकेतले पॅलेस्टिनी त्यातून वगळले गेले. सर्वोच्च न्यायालयानं सैन्याला सांगितलं, त्यांनाही द्या. तीस वर्षांनी कोविडच्या लसीची वेळ आली तेव्हा सरकारनं ओस्लोचा कागद पुढं केला. त्याच करारात साथी रोखायला दोन्ही बाजूंनी सहकार्य करावं असंही लिहिलंय, ते पान उलटलं गेलं नाही. पुढे मार्च २०२१ मध्ये लस मिळाली ती इस्रायलमध्ये कामाला येणाऱ्या लाखाच्या आसपास परवानाधारक मजुरांना.

दवाखाने पाडण्याचं थोडक्यात. दवाखान्याचा गैरवापर झाला तर त्याचं संरक्षण जाऊ शकतं, हे चौथ्या जिनिव्हा कराराच्या १९ व्या कलमात आहे. पण आधी इशारा द्यायचा आणि पुरेसा वेळ द्यायचा, हेही त्यातच आहे, आणि जखमी सैनिकावर उपचार करणं हा गैरवापर नाही, हेही. शिवाय दवाखाना बंद पाडायला दर वेळी बॉम्ब लागत नाही. गाझातलं कॅन्सरचं खास रुग्णालय, तुर्की-पॅलेस्टिनी मैत्री रुग्णालय, बंद पडलं ते इंधन संपल्यानं. तारीख होती १ नोव्हेंबर २०२३. आम्ही त्या दिवशी काळ्या फिती लावून फिरत होतो. ती इमारत इस्रायली सैन्यानं उडवली मार्च २०२५ मध्ये.

आता खरी गोष्ट. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई खवळले. सरकार बदललं, पण जानेवारी २०२४ मध्ये बेळगाव जिल्ह्यात अर्ज भरून घेणारी केंद्रं प्रशासनानं बंद केलीच. हे चूक होतं. पैसे महाराष्ट्राचे, आजार आमचा. विम्याचा हप्ता कुणी भरला म्हणून सीमेचा दगड हलत नाही. दवाखान्यातले फॉर्म, फलक, संमतिपत्रं मराठीत हवीत ही मागणीही रास्तच, कारण न वाचता अंगठा देणारी माणसं मी रोज बघतो. पण कर्नाटकाच्या आरोग्य योजनेत बीपीएल कार्ड विचारतात, मातृभाषा नाही. रशियानं ताब्यात घेतलेल्या युक्रेनच्या भागात आरोग्य विम्यासाठी आधी रशियन पासपोर्ट घ्यायला लावतात. ताबा म्हणजे ते.

योजनेची तक्रार भक्कम आहे. तिला गाझाचा टेकू लावला की समोरचा गाझावरच बोलत बसतो आणि योजना राहते बाजूला. त्या रात्री ग्रुपवर तेच झालं. दीडशे मेसेज पडले, योजनेचं नाव एकातही नाही.

खानापूरकडचं एक गिऱ्हाईक जानेवारी २०२४ मध्ये भरलेला अर्ज आणि रेशन कार्डाची झेरॉक्स माझ्याकडे ठेवून ‘केंद्र उघडलं की नेतो’ म्हणून गेलं. दोन्ही कागद ड्रॉवरमध्ये इन्सुलिनच्या बिलांखाली आहेत.