कॅसेट जशी आहे तशी उतरवून द्या, एवढंच सांगितलं होतं!

डोकं नुसतं भणभणतंय माझं. घरातल्या जुन्या व्हीएचएस कॅसेट डिजिटल करायला दिल्या होत्या. परवा पेनड्राइव्ह हातात पडला, पहिलीच फाइल उघडली, आणि तेव्हापासून घरात कुणाशी धड बोलले नाहीये.

1994 सालचं आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे त्यात. नऊवारीत, चौरंगावर बसलेली आजी. सुना-नाती ओवाळतायत. आणि सगळेच्या सगळे आडवे पसरलेले! जुन्या टीव्हीच्या 4:3 आकाराचं चित्र ओढूनताणून आजच्या रुंद 16:9 पडद्यात बसवलंय. माझी आजी हडकुळी होती हो, जन्मभर अंगाला मांस लागलं नाही तिच्या. इथे तिचे गाल फुगलेत. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, ‘मॅडम, बाजूला काळ्या पट्ट्या आल्या की कस्टमर तक्रार करतात.’ अहो, मग येऊ द्या ना काळ्या पट्ट्या! टीव्हीचा पडदा काठोकाठ भरणं महत्त्वाचं, की माणूस ओळखू येणं?

पुढचं ऐका. ओवाळून झाल्यावर आजीनं जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या. काकांनी तेव्हा कॅमेरा चालू ठेवूनच टेबलावर ठेवला होता, त्यामुळे चित्रात फक्त भिंत आणि खुर्चीचे पाय. पण आवाज सगळा होता. आम्ही लहानपणी ती कॅसेट लावून तेवढंच ऐकायचो. त्या ओव्या कुणी लिहून ठेवल्या नाहीत, आईला निम्म्या येतात, आत्याला त्याहून कमी. तो सगळा भाग गायब! का? ‘त्यात काही दिसतच नव्हतं, म्हणून एडिट केलं.’ कुणी सांगितलं होतं एडिट करायला? माझ्या घरच्या कॅसेटमध्ये काय कामाचं आणि काय बिनकामाचं, हे तुम्ही कोण ठरवणार?

आणि जे ठेवलंय, त्यावर सनई टाकलीये. अख्ख्या औक्षणावर रेडिमेड सनई. ‘मागे खरखर खूप होती.’ असणारच खरखर! व्हीएचएसवर साधा मोनो आवाज टेपच्या कडेच्या अरुंद पट्टीवर असतो, आणि टेप हळू सरकते, म्हणून तो मुळातच दबका येतो. त्या खरखरीतच आजोबा ‘अगं, पंखा बंद करा, दिवे विझतील’ म्हणून ओरडतात. आजोबांचा आवाज दुसऱ्या कुठल्याही कॅसेटमध्ये नाही. तो पुसून सनई वाजवली या माणसानं!

दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरात ‘एचडी क्वालिटी’ लिहिलंय. फाइलची माहिती उघडून बघितली, 352 बाय 288 पिक्सेल. ही जुन्या व्हीसीडीची, म्हणजे व्हिडिओ सीडीची, मापं आहेत. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल (PAL) पद्धतीत चित्राच्या 576 आडव्या ओळी असतात. त्या सेकंदाला 25 चित्रांच्या हिशेबानं येतात, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. म्हणजे हालचाल सेकंदाला 50 वेळा टिपलेली असते. याच्या फाइलमध्ये ओळी निम्म्या आणि हालचालही निम्मी. ओवाळणारा हात झटके खात फिरतो. व्हीएचएसमध्ये एचडी कधी नव्हतंच, ते मागितलंही नव्हतं. जेवढं होतं तेवढं तरी पूर्ण द्यायचं!

वर आणखी पैसे भरले तर ‘एआयनं चेहरे क्लियर’ करून देणार होते. नमुना दाखवला मला. आजीच्या कपाळावरचं गोंदण गायब, सुरकुत्या गायब, मेणाच्या बाहुलीसारखा गुळगुळीत चेहरा. ती बाई माझी आजी नाही. कुणाचीच नाही.

कॅसेटचं तर विचारूच नका. आमचं घर डोंबिवलीत, इथल्या पावसाळ्यात टेपला बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरट पावडर दिसत होती. देताना बोट ठेवून दाखवली होती मी, आधी साफ करा म्हणून बजावलं होतं. बुरशी आलेली टेप तशीच लावली तर ती मशीनच्या टेप वाचणाऱ्या हेडला लागते, आणि हेडवरून पुढच्या कॅसेटला. हे व्हिडिओचा धंदा करणाऱ्याला माहीत नसावं? साफ न करता लावली. माझ्या भावाच्या मुंजीची कॅसेट चांगली होती, आता तिच्या रिळावरही पांढरे कण चिकटलेत आणि सुरुवातीची टेप चुरगळलीये.

या लोकांना माहीत आहे की आपण अडलेले आहोत. या कॅसेट लावायची मशीन, घरोघरचे व्हीसीआर, केव्हाच भंगारात गेले. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनंही 2016 मध्ये उत्पादन थांबवलं. आता जी मशीन चालतात ती सगळी जुनी, हेड झिजलेली, सुटे भाग मिळत नाहीत. युनेस्कोच्या पुढाकारानं 2019 मध्येच जगभर इशारा दिला होता, की टेपवरचं जे 2025 च्या आसपास डिजिटल झालेलं नसेल ते बहुतेक कायमचं जाईल. म्हणजे वेळ अशी आलीये की एकेका कॅसेटला फार तर एक-दोन संधी उरल्यात. त्यातली एक या माणसानं सनई लावण्यात घालवली! आणि कापाकापी करण्याआधीची मूळ फाइल मागितली, तर ‘ती आम्ही ठेवत नाही, डिलीट करतो.’

पैसे परत करतो म्हणाला. मला पैसे नकोत, माझ्या आजीच्या ओव्या हव्यात.

आता कॅसेट घेऊन दुसरीकडे जाणार आहे. या वेळी सगळं कागदावर लिहून घेणार: पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत, मध्येच चित्र जाऊन निळा पडदा आला तरी थांबवायचं नाही. 720 बाय 576, चित्र ताणायचं नाही. आवाजाला हात लावायचा नाही. गाणं नाही, नावं नाहीत, दुकानाचा लोगो तर मुळीच नाही. बुरशी आधी साफ करायची, तीही माझ्या देखत. आणि ओव्यांचा भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत तिथेच बसून ऐकल्याशिवाय एक रुपया सुटणार नाही माझ्या हातून.