दोन्ही टोकांना पिन असलेली वायर मी करून देणार नाही

रविवारी रात्री साडेनऊला मामाचा फोन. "अरे, तुमच्या वर्कशॉपात दोन्ही टोकांना टॉप लावलेली वायर करून मिळेल का? तीन मीटर पुरे." टॉप म्हणजे पिनांचा प्लग. मी इतकी वर्षं कंट्रोल पॅनल जोडतोय, पण ही मागणी ऐकून पोटात गोळा आला. कशाला हवी म्हणून विचारलं तर म्हणाला, "व्हॉट्सॲप बघ, पाठवलंय."

ते मी आधीच पाहिलं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर आलं, शाळेच्या ग्रुपवर आलं, आणि दोन्हीकडे मी गप्प बसलो. 'निवृत्त वीज अभियंत्याचा सल्ला : लाईट गेली तरी घर उजळलेलं! ७ सोपे उपाय. इलेक्ट्रिशियन हे कधीच सांगणार नाही.' अभियंत्याला नाव नाही, गाव नाही. शेवटी हात जोडलेले आणि 'दहा जणांना पाठवा.'

मामाचं गाव दापोली तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा खांब काडीसारखे मोडले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. विहिरीत पाणी होतं, पण पंप चालत नव्हता. त्यामुळे पावसाळा तोंडावर आला की तिकडे बॅकअपचा विषय निघतोच, आणि असला फॉरवर्ड आयता रुजतो. मामाने जुना पेट्रोल जनरेटर ठरवूनही टाकलाय, फक्त वायर राहिली होती.

फॉरवर्डच्या क्रमाने जात नाही. चौथा उपाय आधी घेतो, कारण बाकीच्यांत पैसे जातील, यात माणूस जाईल. तो असा : 'जनरेटर घराला जोडायला हजारो रुपये घालवू नका. दोन्ही बाजूंना पिन असलेली वायर घ्या, एक टोक जनरेटरला, दुसरं कुठल्याही सॉकेटला. मेन स्विच तेवढा पाडा.'

वायरच बघा आधी. टॉपच्या पिना उघड्या असतात, आणि त्यात वीज नसते म्हणून ते चालून जातं. इथे एक टोक चालू जनरेटरला लावलंय. अंधारात कुणाचा पाय अडकला, भिंतीतला टॉप निसटला, की २३० व्होल्टच्या नागड्या पिना जमिनीवर. पोर उचलणार, नाहीतर मामी उचलून जागेवर ठेवायला जाणार.

आता मेन. 'मेन पाडला की धोका नाही' हे वाक्य अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. मेन फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा तोडणारा असेल आणि पाडलेला असेल तर वीज बाहेर जात नाही. पण अख्खी सुरक्षा एका माणसाच्या आठवणीवर टांगलीय. रात्री दोनला, पाऊस धो धो, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हाताने जनरेटरची दोरी ओढायची. अशा वेळी मेन आठवला नाही तर? मामा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो.

मेन राहिला तर जनरेटरची वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. डीपीतला ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४३३ करतो (दोन फेजमधले; एका फेजवर घरी येतात ते २३०), हे सगळ्यांना माहीत असतं. तोच ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो, हे कुणी लक्षात घेत नाही. घरच्या २३० व्होल्टचे पलीकडच्या बाजूला दहा हजारांच्या आसपास होतात, आणि त्या बाजूला लाईन बंद आहे असं समजून कुणीतरी काम करत असतं.

यावर ग्रुपवरचा एखादा हुशार म्हणेल, दोन किलोवॅटचा जनरेटर अख्ख्या वाडीचा लोड घेईल कसा, लगेच बंद पडेल. बऱ्याचदा पडेलही. पण वादळानंतर लाईन अखंड असते का? झाड पडून तार तुटलेली असते, किंवा डीपीवरचा फ्यूज काढलेला असतो. तुटलेल्या तुकड्यावर तुमचं आणि शेजारचं अशी दोनच घरं उरली, तर जनरेटर आरामात चालत राहतो आणि तो तुकडा जिवंत राहतो. त्या खांबावर चढलेल्याला दहा हजार कशाला हवेत, २३० पुरतात. काम सुरू करण्याआधी लाईन अर्थ करायची, म्हणजे जमिनीला जोडायची असते हे खरं. म्हणून समोरच्याने ती केलीच असेल या भरवशावर आपण वीज सोडायची? आणि उलट, जनरेटर चालू असताना महावितरणची लाईट आली, तर दोन्ही वीज एकमेकांवर आदळतात आणि जनरेटर जळतो.

हे माझं डोकं चालवून सांगत नाही. होंडाच्या लहान जनरेटरची पुस्तिका उघडा. घराच्या वायरिंगला जोडणी जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करा, बाहेरच्या लाईनपासून वेगळी ठेवा, नाहीतर वीज उलटी जाऊन लाईनवर काम करणारे मरू शकतात, हे सगळं तीत लिहिलंय. ज्याने यंत्र बनवलं तो हे सांगतोय, आणि आपण ऐकतोय बिननावाच्या अभियंत्याचं.

उपाय साधा आहे, चेंजओव्हर स्विच. दांडा वर केला की महावितरण, खाली केला की जनरेटर, मध्ये बंद. दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत, त्यामुळे आठवणीचा प्रश्न येत नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, म्हणजे डबल पोल घ्यायचा आणि परवानाधारक वायरमनकडून बसवायचा. घरगुती स्विच काही शे ते दोनेक हजारांत मिळतो. तेवढंही नको असेल तर जनरेटरवरून सरळ एक्स्टेंशन बोर्ड काढा, त्यावर फ्रीज आणि दोन दिवे लावा. घराच्या वायरिंगला हातच लावू नका.

त्याच उपायात पुढे आहे, 'पावसात जनरेटर पडवीत ठेवून दार लावून घ्या, आवाजही कमी.' त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला आधी डोकं दुखल्यासारखं होतं, मग झोप येते, आणि झोपलेला उठत नाही. पडवी तीन बाजूंनी मोकळी असली तरी नको, धूर खिडकीतून आत येतो. अमेरिकेतली ग्राहक सुरक्षा संस्था घरापासून किमान २० फूट लांब ठेवा म्हणते. म्हणजे मामाच्या खळ्याच्या पलीकडे, वर आडोसा करून, धुराचं तोंड घराकडे नको.

बाकीचं भराभर.

'रूफटॉप सोलर बसवा, लाईट जायची चिंताच मिटली.' पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, बिल खरंच खाली येतं, बसवा की. पण नेट मीटरवालं साधं ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं, लाईट गेली की स्वतःच बंद होतं. भर दुपारी ऊन रणरणतंय, छतावर सहा-सात पॅनल, आणि घरात पंखा बंद. लोक बसवणाऱ्याला शिव्या घालतात, पण तो बिघाड नाही, ती व्यवस्था आहे. लाईनवरची वीज गेली की इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत बाहेर वीज सोडणं थांबवलं पाहिजे, याची चाचणीच आयएस १६१६९ या भारतीय मानकात आहे. का? खांबावरच्या त्याच माणसासाठी. हजारो रुपयांच्या यंत्राला जे करायला मनाई आहे, ते हा फॉरवर्ड तीन मीटर वायरने करायला सांगतो. लाईट गेल्यावरही सोलर हवं असेल तर बॅटरीसकट हायब्रिड इन्व्हर्टर घ्या, खर्च वाढेल.

'१५० एएचच्या एका बॅटरीवर फ्रीज, टीव्ही, चार पंखे रात्रभर.' गणित तिसरीतलं आहे. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच (अँपिअर-तास), म्हणजे १,८०० वॅट-तास, तेही कागदावर. बॅटरीवर बारीक अक्षरात सी-२० लिहिलेलं असतं. म्हणजे वीस तासांत सावकाश, साडेसात अँपिअरने काढली तर १५०. भराभर काढली की कमी मिळते, इन्व्हर्टरही थोडी खातो. ४०० वॅटचा लोड लावलात तर तीन तासांत पिप पिप सुरू. मामाकडे ७५ वॅटचे दोन पंखे आणि ९ वॅटचे चार दिवे, म्हणजे १८६ वॅट, नव्या बॅटरीवर सहाएक तास. तेच पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, ३० वॅटचे लावले तर लोड ९६ वर येतो आणि रात्र निघून सकाळ होते. मोठी बॅटरी विकणारा दुकानदार हे आपणहून सांगत नाही. माझ्याच ओळखीच्या एकाने मला सांगितलं नव्हतं. मी दुसरी बॅटरी घेऊन बसलो आणि मग पंखे बदलले.

'गाडीची जुनी बॅटरी वापरा, तीही तीच.' ती तीच नाही. गाडीच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात, काम स्टार्टरला क्षणभर दणका देण्याचं. रोज तळापर्यंत उतरवलीत तर काही महिन्यांत भंगारात. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी जाड प्लेटांची, हळूहळू उतरायला बनवलेली. अडल्या वेळी एक दिवा आणि मोबाईल गाडीच्या बॅटरीवर चालतो, निसर्गनंतर लोकांनी ट्रॅक्टरवर मोबाईल चार्ज केलेच. पण ती अडचणीतली सोय.

'इन्व्हर्टरने बिल दुप्पट होतं, लाईट जात नसेल तेव्हा सहा महिने बंद ठेवा.' बिल वाढतं, दुप्पट नाही. भरलेली बॅटरी राखायला १५-२० वॅट सतत लागले तरी महिन्याला दहा-पंधरा युनिट. पण सहा महिने बंद ठेवलेली लेड-ॲसिड बॅटरी आपोआप उतरते, प्लेटांवर सल्फेट धरतं, आणि नेमकी पहिल्या वळवाला ती अर्धा तास चालते. वाचवलेल्या बिलात नवी बॅटरी येत नाही.

'डिस्टिल्ड वॉटर ही लूट आहे, आरओचं पाणी घाला.' आरओच्या पाण्यात क्षार उरतातच, कित्येक मशीन चवीसाठी परत घालतात. लिटरला पाचपन्नास रुपयांचं पाणी, वर्षातून दोन-चारदा. इथे कसली काटकसर!

सातवा उपाय 'लिथियम बॅटरी फुटते, घेऊच नका'. मोबाईलची आणि घरगुती इन्व्हर्टरची लिथियम एकच नाही. घरासाठी बहुतेक एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) येते, ती त्या मानाने शांत असते. महाग आहे म्हणून घेत नाही म्हणालात, तर ते मला पटेल.

शनिवारी मी गावी गेलो तेव्हा कळलं, मामाने वाट न बघता बाजारातून वायर आणून दोन्ही टॉप स्वतःच बसवले होते. मी मेनशेजारी चेंजओव्हरची जागा आखली, वायरमनला बुधवार दिलाय. एक टॉप तिथेच कापून खिशात टाकला. वायर चांगली होती, दीड चौरस मिलिमीटरची, तांब्याची. मामीने दुसरा टॉपही काढायला लावला आणि पडवीत दोन वाशांना ती ताणून बांधली. पावसाळ्यात कपडे वाळत घालायला दोरी कमीच पडते म्हणाली.