त्या ‘512 वर्षांच्या’ शार्कबद्दल खुलासा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी ग्रुपवर परवा पुन्हा तोच फॉरवर्ड आला: ‘1505 साली जन्मलेला शार्क अजून पोहतोय!’ खाली सत्तावीस नमस्कार. काकांनी तर ‘शिवरायांच्याही आधीचा’ असं लिहून टाकलं.

मासा खरा आहे, ग्रीनलंड शार्क. उत्तर अटलांटिक आणि आर्क्टिकच्या गार, खोल पाण्यातला. आकडा मात्र अर्धाच सांगितलाय. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात 28 माद्या तपासल्या होत्या. डोळ्याच्या भिंगाचा गाभा जन्माआधीच तयार होतो आणि पुढे बदलत नाही, म्हणून त्यातला किरणोत्सारी कार्बन मोजून वय काढलं. सर्वांत मोठी मादी 5 मीटरची, तिच्या वयाचा अंदाज 392 वर्षं, पण 120 वर्षं अलीकडे-पलीकडे! म्हणजे 272 ते 512. फॉरवर्डवाल्यांनी वरचं टोक तेवढं उचललं. खालचं टोक धरलं तर तिच्या जन्माआधीच बडोद्यात गायकवाड आले होते.

आणि ‘अजून पोहतोय’? भिंगाचा गाभा काढला, तर मासा जिवंत कसा राहील?

खरी दखल घ्यायची ती दुसऱ्याच आकड्याची. या शार्कची मादी वयात यायलाच साधारण दीडशे वर्षं लागतात. पूर्वी यकृताच्या तेलासाठी हे शार्क भरपूर मारले, आता दुसऱ्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत सापडतात. एक मोठी मादी गेली की तिची जागा भरायला दीड शतक. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत म्हणूनच हा ‘असुरक्षित’ गटात आहे.

काका, शिवरायांचं तेवढं खोडा.