चार डब्या, एक कार्ट्रिज

टीबीच्या मोहिमेत थुंकीचे नमुने ढिगाने येतात आणि सीबीनॅटच्या, म्हणजे जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या मशीनच्या, एका टेस्टला एक लागणाऱ्या कार्ट्रिज मोजक्याच असतात. मग उरलेल्या डब्या मायक्रोस्कोपकडे जातात. तिथे जंतू नजरेस पडायला एका मिलीलिटरमध्ये ५ ते १० हजार तरी असावे लागतात. सीबीनॅटला सव्वाशे-दीडशेसुद्धा पुरतात. म्हणजे कार्ट्रिज वाचते आणि पेशंट निसटतो. २०२३ मध्ये तिची किंमत दहा डॉलरवरून आठवर आली, तरी गावंच्या गावं तपासायची तर हा खर्च जडच आहे.

म्हणून म्हणतो, मोहिमेतले नमुने पूल करा, म्हणजे एकत्र मिसळा. चौघांचे मिळून एकच टेस्ट. निगेटिव्ह आली तर चौघेही मोकळे, पॉझिटिव्ह आली तर चौघांची वेगवेगळी. अमेरिकी सैन्यभरतीत सिफिलिससाठी ही युक्ती १९४३ मध्येच सुचवली गेली होती. कोरोनात, एप्रिल २०२० मध्ये, आयसीएमआरनेही पाच स्वॅबपर्यंत पूल करायला परवानगी दिली, पॉझिटिव्हिटी दोन टक्क्यांच्या आत असेल तिथे.

ही अट महत्त्वाची. शंभरात पाच पॉझिटिव्ह असतील तर शंभर जणांना साधारण ४४ कार्ट्रिज लागतात. तीस असतील तर शंभराच्या शंभर लागतात, वर रिपोर्टला उशीर. त्यामुळे छातीच्या ओपीडीत हे अजिबात नको. लहान मुलं आणि एचआयव्हीचे पेशंट यांचे नमुनेही वेगळेच ठेवा. त्यांच्या थुंकीत जंतू आधीच कमी, त्यात आणखी तिघांची भर पडली की मशीनलाही सापडायचे नाहीत.

आणि हात घाईचा नको. बेडक्यात दुप्पट रिएजंट (थुंकी पातळ करणारं रसायन) घालून, नीट हलवून, पंधरा मिनिटं थांबायचं. गाठी विरघळल्या की प्रत्येक डबीतून अर्धा मिलीलिटर घ्यायचा, तेव्हा कार्ट्रिजला लागणारे दोन मिलीलिटर भरतात. घट्ट बेडका तसाच ओढला तर एकाचा जास्त येतो, दुसऱ्याचा येतच नाही. उरलेला नमुना नाव-नंबरासह फ्रीजमध्ये हवाच. पूल पॉझिटिव्ह आला म्हणून आशाताईंनी पुन्हा चार घरं हिंडायची, हे मला मान्य नाही. पुसट 'ट्रेस', म्हणजे जंतूंचा जेमतेम मागमूस, आला तरी चारही नमुने वेगळे लावायचे, तिथे काटकसर नको.

शंभरामागे वाचलेल्या त्या ५६ कार्ट्रिज पुढच्या पाड्यावर, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या तळावर गेल्या पाहिजेत. "कमीत भागतंय ना?" म्हणून पुढच्या वर्षीच्या मागणीतून त्या कापल्या जाणार असतील, तर माझा या पूलिंगला विरोध राहील.