ड्रम एक, लेबलं दोन

“तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस. युरोपचे नियम युरोपला लखलाभ.” शाळेच्या ग्रुपवर एका जुन्या मित्राने हे लिहिलं आणि खाली ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्यांची रांग लागली. मित्राचं नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत रसायनांचं छोटं युनिट आहे. विषय होता जीएचएसचा, म्हणजे घातक रसायनांचं वर्गीकरण आणि लेबलिंग जगभर एकाच पद्धतीने करण्याच्या व्यवस्थेचा. ती भारतात सक्तीची करू पाहणाऱ्या नियमांचा मसुदा २०२० पासून फिरतो आहे. नियम काही होत नाहीत, आणि ते होऊ नयेत म्हणून जी कारणं पुढे केली जातात (हे परदेशी आहे, लहान युनिटांना परवडणार नाही, कामगार तर वाचतच नाही) ती वाचून माझं डोकं फिरतं.

मित्र ज्याला युरोपचा नियम म्हणतो तो त्याच्या युनिटात रोज पाळला जातो. फक्त आपल्या माणसांसाठी पाळला जात नाही.

मी जर्मनीत लेवरकुझेनला राहतो आणि जवळच्या एका रंगाच्या कारखान्यात आवक माल तपासतो. आमच्याकडे नवी मुंबईहूनही ड्रम येतात, न्हावा शेवाहून अँटवर्प आणि तिथून ट्रकने थेट आमच्या रॅम्पवर. निळा प्लास्टिकचा ड्रम. त्यावरच्या लेबलवर लाल किनारीचे दोन पांढरे चौकोन, कोनावर उभे केलेले. एकात हातावर आणि धातूच्या पट्टीवर पडणारे थेंब, दुसऱ्यात वाळलेलं झाड आणि मेलेला मासा. शेजारी ठळक अक्षरांत ‘गेफार’, म्हणजे धोका. त्याखाली जर्मन वाक्यं: त्वचा गंभीर भाजते, डोळ्यांना इजा होते, हातमोजे आणि चष्मा घाला, डोळ्यात गेलं तर काही मिनिटं पाण्याने धुवत राहा. आयातदाराच्या नावाखाली उत्पादकाचा पत्ता, ठाणे-बेलापूर रोड. जर्मनमध्ये एक चूक सापडणार नाही.

गेल्या सुट्टीत मित्राच्या युनिटात गेलो होतो. एका भिंतीला एक्स्पोर्टचे ड्रम लावलेले, दुसऱ्या भिंतीला भिवंडीला जाणारे. माल एकच. भिवंडीच्या ड्रमवर मालाचं नाव, बॅच नंबर, वजन. बस्स. तो ड्रम टेम्पोत चढवणाऱ्या मुलाच्या हातात साधे मोजेही नव्हते.

कायदा नाही असं नाही. भोपाळ १९८४ चं. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली १९८९ चे घातक रसायनांचे नियम. ड्रमवर आतल्या पदार्थाची ओळख, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि धोक्याची माहिती हवी, हे त्यात लिहिलेलं आहे. पण ती माहिती कोणत्या चिन्हाने, कोणत्या शब्दांत, किती तीव्रतेला कोणता इशारा, याची जगाशी जुळणारी पद्धत त्यात नाही. मग ज्याला जसं सुचेल तसं. ठाणे-बेलापूर रोडवरून जाणाऱ्या टँकरवर मागे पदार्थ ओळखायचा यूएन नंबर, धोक्याच्या वर्गाचं चिन्ह आणि आपत्कालीन फोन नंबर रंगवलेला असतो, कारण मोटार वाहन नियमांत तसं ठरवून दिलंय. तोच माल गाळ्यात उतरला की मुका होतो.

‘परदेशी’ या आरोपाचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. १९९२ ला रिओच्या परिषदेत ही व्यवस्था उभी करायचं ठरलं, तेव्हा भारत तिथे होता. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत ती मान्य झाली आणि त्याच वर्षी जोहान्सबर्गला जगाने २००८ ची मुदत घालून घेतली. युरोपनेही काही आपलं दुसऱ्यांवर लादलं नाही. इथली जुनी नारिंगी चौकोनांची चिन्हं, जी लोकांच्या डोळ्यांत बसलेली होती, ती यासाठी काढून टाकावी लागली. मिश्रणांपर्यंत सगळं बदलायला २०१५ चा जून उजाडला. चीनने केलं, मलेशियाने केलं. त्यांच्या लघुउद्योगांचं दिवाळं निघालं नाही.

खर्चाबद्दल बोलताना दोन गोष्टींची सरमिसळ होते. रसायनांची नोंदणी करायची, त्यासाठी चाचण्यांचा डेटा जमवायचा, हे खरंच महागडं प्रकरण आहे आणि लहान युनिटांना त्यात सवलत, मदत, मुदत मिळायला हवी. त्यासाठी मित्र भांडला तर मी त्याच्या बाजूने लिहीन. पण जीएचएस नव्या चाचण्या करायला सांगत नाही. उपलब्ध माहितीवर वर्गीकरण करा आणि ते लेबलवर सांगा, एवढंच म्हणतं. एक्स्पोर्टसाठी ही माहिती ज्याने आधीच काढून ठेवली आहे, त्याला भिवंडीसाठी फक्त प्रिंटरची शाई लागते.

राहिलं ‘कामगार वाचत नाही’. माझे बाबा टीटीसीतल्या, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या, एका रंगाच्या कंपनीत होते. त्यांच्या नखांच्या कडा पिवळ्या असायच्या, रविवारीसुद्धा. मालाला तिथे नावं नव्हती, ‘पिवळं मटेरियल’, ‘चार नंबर’, ‘तो वासाचा ड्रम’. बाबांना वाचता उत्तम यायचं, रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे. वाचण्यासारखं ड्रमवर काही नव्हतं. आपण कशात हात घालत होतो हे त्यांना निवृत्त होईपर्यंत कोणी सांगितलं नाही. आम्ही मुलं ऐरोलीत रात्री वारा फिरला की वासावरून कंपन्या ओळखायचो आणि त्यात आम्हाला शहाणपण वाटायचं.

आणि ज्याला खरंच वाचता येत नाही त्याच्यासाठीच तर चित्रं आहेत. नुसती ज्वाला म्हणजे माल पेट घेणारा. वर्तुळावरची ज्वाला म्हणजे दुसऱ्याची आग भडकवणारा. हे दोन ड्रम शेजारी ठेवायचे नाहीत, हे उत्तर प्रदेशातून कालच आलेल्या मुलालाही एका दुपारी शिकवता येतं. इथे जर्मनीत मालकाला कामगाराला समजेल अशा भाषेत तोंडी सांगावं लागतं, कामाआधी आणि नंतर दर वर्षी. आमच्याकडे ते तुर्की आणि पोलिश भाषेत होतं. रबाळ्यात भोजपुरीत का होऊ नये?

यावर मित्राने लिहिलं, “तुझ्या लेवरकुझेनला स्फोट झालाच ना?” झाला. २७ जुलै २०२१, सात माणसं गेली. सायरन वाजले, ‘निना’ या सरकारी इशारा-अॅपवर सूचना आली, खिडक्या लावून बसलो. काजळीला हात लावू नका, बागेतली भाजी खाऊ नका, असं सांगितलं गेलं. लेबलाने स्फोट थांबत नाही, हे मला मान्य आहे. पण डोंबिवलीत २३ मे २०२४ ला रिअॅक्टर फुटला, दहाहून जास्त माणसं गेली. अशा आगीत अग्निशमन दलाच्या जवानाला शेजारच्या ड्रममध्ये आग भडकवणारं पेरॉक्साइड आहे की पाणी हे धुरातून लांबूनच दिसलं पाहिजे. त्याला विचारायला सुपरवायझर सापडत नाही. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेलजवळ रसायनांचं गोदाम पेटलं, विझवायचं पाणी ऱ्हाइनमध्ये गेलं आणि नदी लाल झाली. तो लाल ऱ्हाइन या लोकांनी विसरू दिला नाही. रसायनांनी गुलाबी झालेले डोंबिवलीचे रस्ते आणि निळे झालेले तळोज्याचे कुत्रे आपण किती दिवस लक्षात ठेवले?

हे लिहिताना मला कळतं की मित्राच्या रागात एक खरी गोष्ट आहे. मी निघून आलो. ड्रमच्या त्या बाजूला होतो, आता या बाजूला आहे. आमच्या रॅम्पवर मी तो ड्रम उघडतो तेव्हा इथल्या कायद्याला माझे डोळे मोलाचे वाटतात. मी ऐरोलीतच राहिलो असतो, बाबांच्या जागी लागलो असतो, तर हेच डोळे, हाच माल, आणि लेबल कोरं. मला मिळालेलं हे संरक्षण मी काही कमावलेलं नाही, फक्त विमानात बसलो. म्हणून ‘तू आता बाहेरचा’ हे ऐकलं की लागतं, आणि म्हणूनच गप्प बसवत नाही. तो ड्रम माझ्या गावाहून येतो. त्यावर बोलायचा हक्क मी सोडणार नाही.

युरोपच्या नियमात धोक्याची ही ठरलेली वाक्यं माल्टीज भाषेतही छापलेली आहेत. माल्टाची लोकसंख्या साधारण साडेपाच लाख. एकट्या ठाणे शहरात २०११ च्या जनगणनेतच अठरा लाखांवर माणसं होती. ही वाक्यं मोजकी आहेत, क्रमांकासह ठरलेली आहेत, आणि मराठीत आणायला कुठल्याही मसुद्याची वाट पाहायची गरज नाही. मी एच२२५ क्रमांकाच्या वाक्यापासून सुरुवात केली आहे: अतिज्वलनशील द्रव आणि वाफ. त्वचा भाजण्याचं एच३१४ ही झालं. मित्राला फाइल पाठवली आहे, त्याने भिवंडीच्या पुढच्या बॅचवर ती वापरावी एवढी माझी मागणी आहे. रबाळे, महापे, पावणे, तळोजा इथे शॉपफ्लोअरवर काम करणारं कोणी हे वाचत असेल तर बाकीची वाक्यं तपासायला मला तुमची मदत हवी आहे.