आत्याचं कुंकू गेलं कुठे?

हललेला फोटो कृष्णधवल केला की तो आपोआप कलात्मक होतो, हा समज नव्या कॅमेऱ्याच्या खोक्यातच भरून येत असावा. बहुधा वॉरंटी कार्डाच्या खाली. मी या समजाचा कट्टर विरोधक आहे. रंगीत फोटोत मोरपंखी साडी, केशरी पडदा, पोपटी भिंत असे तीन-चार बडबडे पाहुणे असतात. त्यांच्या गलक्यात चेहरा जरा धूसर आला तरी खपून जातं. रंग गेले की पाहुणे उठले. मग उरतात प्रकाश, कडा आणि आपण केलेली चूक.

तर समोर आत्या आहे. नवशिक्याचं पहिलं गिऱ्हाईक आत्याच असते, कारण आजोबा झोपलेले असतात आणि पोरांना पकडायला सेकंदाचा पाचशेवा भागही पुरत नाही. आत्या ‘माझा मेलीचा कसला फोटो!’ म्हणत आत जाते आणि साडी बदलून येते.

पहिल्या फोटोत नथ अप्रतिम येते. डोळे धुक्यात. कॅमेऱ्यावर सगळे फोकस पॉइंट मोकळे सोडले की तो जवळचं आणि ठसठशीत दिसेल ते पकडतो, आणि आत्याच्या चेहऱ्यावर नथीइतकं ठसठशीत काही नसतं. मग नवशिक्या यूट्यूबवर शिकलेली युक्ती करतो: मधला पॉइंट डोळ्यावर ठेवायचा, बटण अर्धं दाबायचं आणि तसंच दाबून धरून चौकट वळवायची. आता आत्याचा कान अप्रतिम येतो. मोत्याच्या कुड्यांचा मोतीन् मोती मोजून घ्या.

हे असं का होतं, ते हिशेबाने सांगतो. छोट्या, म्हणजे एपीएस-सी सेन्सरवर ५० मिलिमीटरची लेन्स, ॲपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) एफ १.८ आणि आत्या एक मीटरवर: एवढ्यात स्पष्टतेचा पट्टा जेमतेम तीन सेंटीमीटर जाड असतो. कॅमेरा १० अंश वळवला की तो पट्टा सुमारे दीड सेंटीमीटर मागे सरकतो, म्हणजे डोळा थेट पट्ट्याच्या काठावर. त्यात आत्या श्वास घेते, आणि तिला ‘घेऊ नको’ म्हणता येत नाही. म्हणून पॉइंट एकच निवडावा आणि तोच सरकवून जवळच्या डोळ्यावर न्यावा. कॅमेऱ्यात डोळा ओळखायची सोय असेल तर ती चालू करावी. आणि एफ १.८चा हव्यास सोडावा. एफ ४ ठेवून दीड मीटरवर सरका, पट्टा चौदा सेंटीमीटरच्या आसपास जातो. नथ, डोळे, कुड्या सगळे एकत्र नांदतात. शिवाय अंतर वाढलं की नाकही आपल्या मापात येतं. १८ मिलिमीटरने तोंडाजवळ जाऊन काढलेल्या फोटोत नाक आधी पोचतं आणि आत्या मागून येते.

फोटो बिघडला की लेन्सला शिव्या घालण्याआधी तो पडद्यावर १०० टक्के मोठा करून पाहावा. डोळे पुसट पण कान लख्ख, तर फोकस चुकला. सगळंच एका दिशेने फरपटलेलं, तर आपला हात हलला. मागचं कपाट खणखणीत आणि आत्या तेवढी विरघळलेली, तर आत्या हलली. हाताच्या हलण्यावर जुना नियम चालतो: लेन्स जितक्या मिलिमीटरची, शटर निदान सेकंदाच्या तितकाव्या भागाचं; सेन्सर छोटा असेल तर आकडा दीडपट करायचा. ५० मिलिमीटर गुणिले दीड म्हणजे ७५, म्हणून सेकंदाचा ऐंशीवा भाग किंवा त्याहून जलद. पण तो नियम हाताचा आहे, आत्याचा नाही. ती बोलत असते, आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन माणसाला स्थिर करत नाही. १/२०० ठेवा. त्यासाठी आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, १६०० झाला तर होऊ द्या. कृष्णधवलमध्ये दाणे शोभून दिसतात, फरपट कधीच शोभत नाही.

आता प्रकाश. ट्यूबलाइट बंद. आत्याला खिडकीपासून तीन-चार फुटांवर जरा तिरकं बसवायचं आणि अंधाऱ्या गालाकडे थर्माकोलचा पांढरा तुकडा धरायचा. हे काम घरातल्या रिकामटेकड्याला द्यावं, असा माणूस प्रत्येक घरात असतो. चष्म्यात खिडकी चमकत असेल तर कानावरच्या काड्या किंचित उचलायच्या. काचा खाली झुकतात आणि चमक जाते. चष्मा काढायला मात्र सांगू नये. १९४१ साली ओटावात छायाचित्रकार युसुफ कार्शने चर्चिलच्या तोंडातला सिगार उपटला आणि त्या रागावलेल्या चेहऱ्याचा फोटो जगभर गाजला, हे खरं. पण चर्चिल आत्या नव्हते.

चौकटीबद्दल थोडक्यात. डोळे वरच्या एकतृतीयांश रेषेवर, डोक्यावर मैदान नको, आणि हात मनगटावर किंवा कोपरावर तोडू नये; तोडायचाच तर मधे. आत्या जिकडे बघते तिकडे जागा मोकळी ठेवावी. बटण दाबण्याआधी एकदा फक्त मागे बघावं. रंगात वेगळी दिसणारी कालनिर्णयची चौकट कृष्णधवलमध्ये केसांच्याच करड्या छटेची होते आणि एकादशीची तारीख आत्याच्या डोक्यातून उगवते.

खरी परीक्षा कुंकवाची. कॅमेऱ्याचा मोनोक्रोम मोड लावून नुसतं जेपीईजी काढलं तर रंग कायमचे गेले. रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल, काढावं: पडद्यावर कृष्णधवल दिसतं, फायलीत रंग शाबूत राहतात. मग संगणकावर प्रत्येक रंगाची छटा वेगळी उजळता येते. नवशिक्या त्वचा उजळ करायला केशरीबरोबर लालही वर ढकलतो. आत्याचा चेहरा चंद्रासारखा उजळतो, आणि रुपयाएवढं कुंकू कपाळात विरघळून जातं. ओठही जातात. आत्या फोटो हातात घेते आणि क्षणभर काहीच बोलत नाही. म्हणून केशरी थोडा वर, पंधरा-वीस, आणि लाल तेवढाच खाली. कुंकू काळंभोर उमटतं. दोघांना फार ताणायचं नाही, नाहीतर गालावर नकाशे उठतात. हिरव्या साडीचे लाल काठ पदराच्याच करड्या रंगात बुडाले असतील, तर तेही लाल खाली घेतल्यावर वर येतात.

शेवटी शार्पनिंग. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये शार्पनिंग ४०, त्रिज्या १, आणि मास्किंगचा स्लायडर ऑल्ट दाबून ओढायचा. पांढऱ्या दिसतील तेवढ्याच कडांवर परिणाम होतो. फक्त पापण्या, भुवया, केस पांढरे उरले की थांबा. चुकलेला फोकस याने सुधारत नाही, फक्त चुकलेल्या फोकसला धार येते. तिथल्याच क्लॅरिटी नावाच्या, बारकावे ठळक करणाऱ्या स्लायडरला हात लावू नये. त्याने सुरकुत्या दहा वर्षांनी पुढे जातात, आणि आत्याची नजर अजून चांगली आहे.

एवढं सगळं करून चाळीसातले पाच फोटो निवडावेत आणि आत्यापुढे ठेवावेत. ती चष्मा पुसते, पाचही बाजूला सारते आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मागे मागे जात तो दुसरा फोटो काढते.

“हा मोठा करून दे. ह्यात माझ्या कुड्या काय सुरेख आल्यात!”